आधी टँक, मग बाबा

टँकवाला : पंप बंद करू नका, ताई! आवाज सहन करा. त्या हवेवरच जगतायत बादल्यांतले मासे.

मुलगी : सहा बादल्या, सहा पंप. बाहेरच्या खोलीत पिठाची गिरणी घातल्यासारखं वाटतंय.

टँकवाला : संध्याकाळपर्यंत शांत होईल. आधी काचेत जुनं खारं पाणी, मग दगड, मग कोरल, सगळ्यात शेवटी मासे. घाई केली की मुसळ केरात.

मुलगी : आणि बाबा कधी?

टँकवाला : काका शेवटच्या खेपेला. तेच म्हणाले ना, आधी टँक, मग मी.

मुलगी : म्हणाले नाहीत, अट घातली. जिन्यावरून पडले, दोन महिने अंथरुणात. मी म्हटलं, बाबा, आता पुरे, माझ्याकडे या. तर म्हणे, माझ्या टँकला जागा असेल तर मलाही आहे. पुस्तकांचं कपाट काढलं मी या भिंतीवरचं.

टँकवाला : अकरा वर्षांचा टँक आहे. मी धंदा करतो, पण माझ्या स्वतःच्या घरी तीन वर्षांच्या वर एकही टिकला नाही.

मुलगी : थांबा, त्यांचाच फोन. हात ओले आहेत, स्पीकरवर टाकते. बोला, बाबा.

बाबा : पोचली का माझी मंडळी?

मुलगी : पोचली. मी कशी आहे, तेही विचारा कधीतरी.

बाबा : तुला काय धाड भरलीय? तो आहे ना तिथे? त्याला विचार, दगड वाळवून आणू की ओलेच?

टँकवाला : कुठले दगड, काका? सगळे आलेत इथे.

बाबा : सगळे कुठे? तीन तर मागच्या दारी टाकून गेलास.

टँकवाला : ते टाकायचेच होते. बटणं माजलीत त्यांच्यावर.

मुलगी : बटणं म्हणजे?

टँकवाला : ती तपकिरी, शर्टाच्या बटणाएवढी. तीही कोरलच, पण तणासारखी. एकदा पसरली की बाकीच्यांना जगू देत नाहीत.

बाबा : आता एक उरलेलं नाही. पाचवी किटली लावलीय.

टँकवाला : कसली किटली?

बाबा : चहाची रे. उकळतं पाणी ओतायचं आणि तारेच्या ब्रशने घासायचं. सालपटं निघतात नुसती. चांगले दगड आहेत, असे फेकून देतात का?

टँकवाला : काका. कुठे बसून करताय हे?

बाबा : बाथरूममध्ये. मग काय दिवाणावर?

टँकवाला : खिडकी?

बाबा : लावलीय. दाराखाली टॉवेलही कोंबलाय. दुपारी नवे भाडेकरू यायचेत, घरभर सडक्या समुद्राचा वास नको.

टँकवाला : काका, उठा. आहे तसे उठा आणि बाहेर पडा. घराबाहेर.

बाबा : अरे, एकच दगड राहिलाय.

टँकवाला : राहू दे! बाहेर व्हा!

मुलगी : अहो, ओरडताय काय माझ्या वडिलांवर?

टँकवाला : ताई, त्या बटणांत विष असतं. गार पाण्यात गप्प बसतं. उकळतं पाणी पडलं की वाफेत उतरतं.

मुलगी : विष म्हणजे... खाज वगैरे?

टँकवाला : माणूस जातो.

मुलगी : काय?

टँकवाला : माणूस जातो, ताई.

बाबा : कोण गेलं?

मुलगी : बाबा, उठा. किती वेळ बसलाय तिथे?

बाबा : तुम्ही निघालात तेव्हापासून.

मुलगी : म्हणजे दोन तास! दोन तास त्या वाफेत?

बाबा : वाफेचं मला शिकवू नको. उभी हयात बॉयलरवर काढली.

टँकवाला : काका, तोंडाला चव कसली येतेय?

बाबा : ...तुला कसं कळलं? सकाळपासून तांब्याचा पैसा चघळल्यासारखं वाटतंय.

टँकवाला : डोळे?

बाबा : चुरचुरतात. एक शिंतोडा उडाला. आणि नाक गळतंय, पण ते मला बारा महिने असतं.

मुलगी : हे उकळत्या पाण्याचं खूळ कोणी भरवलं तुमच्या डोक्यात?

बाबा : कोणी नाही. माझी अक्कल.

टँकवाला : ...

मुलगी : अक्कल! बरणीत भरून ठेवा ती! उठा आधी!

टँकवाला : हॅलो, ॲम्ब्युलन्स? पत्ता घ्या. पोस्टामागची गल्ली, पिवळं फाटक, तळमजला.

बाबा : उठतोच आहे. पाय ऐकत नाहीत.

टँकवाला : वयस्कर गृहस्थ आहेत. विषारी वाफ गेलीय पोटात, छातीत. नाही, गॅसगळती नाही.

मुलगी : ऐकत नाहीत म्हणजे काय?

टँकवाला : कोरलची वाफ. कोरल. समुद्रातलं. नाही, समुद्र नाही जवळ, बाथरूममध्ये.

बाबा : पोटऱ्यांत गोळे आलेत. खूप वेळ उकिडवा बसलो, त्याने असेल.

टँकवाला : नाही हो, मी प्यायलेलो नाही! माणूस मरतोय, गाडी पाठवा! आणि त्यांना सांगा, बाथरूममध्ये तोंड झाकल्याशिवाय कोणी जायचं नाही.

मुलगी : बाबा, उभं राहता येत नसेल तर रांगत या.

बाबा : या वयात रांगू?

मुलगी : रांगा!

बाबा : शेजारीण बघेल.

मुलगी : बघू दे! तिकीट लावा हवं तर! दाराशी या आधी.

बाबा : टॉवेल अडकलाय... ओढतो... थांब जरा, दम लागला.

टँकवाला : थांबू नका, काका. आणि दार उघडलं की तिथेही थांबू नका, वाफ मागून येणार. सरळ फाटकापर्यंत.

बाबा : तू गप रे. तू तुझ्या बादल्या बघ. चौथ्या बादलीचं पाणी गार पडत असेल, तिला आधी...

मुलगी : बाबा, चौथी बादली गेली खड्ड्यात! दार उघडलं का?

बाबा : उघडलं.

मुलगी : आता पुढे. फरशा मोजा. मोठ्याने.

बाबा : एक... दोन... बाळ, फोन इथेच ठेवतो. दोन्ही हात लागतायत.

मुलगी : नको! फोन नका ठेवू! बाबा!

बाबा : ...

मुलगी : बाबा?

बाबा : ...

टँकवाला : गप्प बसा, ताई. ऐकू या.

मुलगी : हे काय वाजलं?

टँकवाला : किटली. पाणी उकळलं की आपोआप बंद होते, तो आवाज.

मुलगी : आणि हे?

टँकवाला : घासत चाललेत. कोपरांवर.

मुलगी : आता?

टँकवाला : आता काही नाही.

मुलगी : काही नाही म्हणजे?

टँकवाला : तुमचे पंप आडवे येतायत. ऐकूच येत नाही.

मुलगी : मग बंद करा ते पंप!

टँकवाला : केले. सगळे केले.

मुलगी : ...

टँकवाला : ...

मुलगी : काही नाही.

टँकवाला : चला. माझी गाडी खाली उभी आहे. फोन कट करू नका.

\*

मुलगी : डावीकडून घ्या, इथे सिग्नल नाही. सकाळी मी त्यांना चहा करून दिला हो. त्याच किटलीत. निघताना म्हटलं, बाबा, कशाला हात लावू नका, नुसते बसून राहा. नुसते बसून राहा, म्हटलं. आणि ते बसले. उचलत का नाहीत ते ॲम्ब्युलन्सवाले?

टँकवाला : आला, त्यांचाच आला. हॅलो! हो. कुठे? फाटकाच्या आत? श्वास आहे ना? आहे. आहे, ताई. पायरीवर पालथे मिळाले. ऑक्सिजन लावलाय. थेट हॉस्पिटलात नेतायत, आपण तिकडेच जाऊ.

मुलगी : पायरीपर्यंत आले? एवढं सगळं रांगत आले?

टँकवाला : आले.

मुलगी : डॉक्टरांना काय सांगायचं? मला तर नावही माहीत नाही त्याचं.

टँकवाला : मी सांगतो, मला माहीत आहे. ताई, आणखी एक सांगायचंय.

मुलगी : नंतर. समोर बघा.

टँकवाला : समोरच बघतोय. ते उकळत्या पाण्याचं काकांना मी सांगितलं.

मुलगी : —

टँकवाला : मागच्या शुक्रवारी. कोरलची यादी करायला गेलो होतो. काका म्हणाले, ही बटणं काही केल्या जात नाहीत. मी हसत म्हटलं, यांना उकळतं पाणीच पाहिजे, एका दमात साफ. पुढचं वाक्य बोलणार होतो, की पण चुकूनही करू नका. तेवढ्यात माझा फोन वाजला. गिऱ्हाईक होतं. बोलून आलो, तोवर काकांनी मासे दाखवायला घेतले होते.

मुलगी : —

टँकवाला : ते कधी कोणाचं ऐकत नाहीत हो. अकरा वर्षांत माझं एक ऐकलं नाही.

मुलगी : —

टँकवाला : मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हाच बोलायला हवं होतं. शिव्या द्या, ताई. काहीही बोला.

मुलगी : —

टँकवाला : उतरा. आलं हॉस्पिटल.

\*

बाबा : कोण आहे?

टँकवाला : मी, काका. मास्क काढू नका. आतूनच बोला.

बाबा : दिवे का घालवलेत?

टँकवाला : दिवे आहेत. तुमच्या डोळ्यांवर पट्टी आहे. त्या शिंतोड्याने जखम झालीय.

बाबा : डॉक्टर काय म्हणतो?

टँकवाला : म्हणतात, त्यांनी असं याआधी पाहिलेलं नाही. दुसऱ्या शहरात कोणाला तरी फोन लावलाय. उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही.

बाबा : भला माणूस आहे. खोटं बोलत नाही. बादल्या?

टँकवाला : गेलो नाही अजून.

बाबा : मरतील.

टँकवाला : मरू दे.

बाबा : असं बोलतात का? अकरा वर्षं... थांब. दम लागतो. तिला सांगितलंस?

टँकवाला : हो.

बाबा : गाढवा. मी झाकलं होतं ना.

टँकवाला : कशाला झाकलंत, काका?

बाबा : हाकललं असतं तुला. मग कोरल लावणार कोण? ती? तिच्या हातात कुंडीतलं झाड जगत नाही.

मुलगी : —

बाबा : गेली का ती? चिडून?

टँकवाला : इथेच आहेत.

बाबा : थाप मारू नको. ती असती तर बोलली असती. जन्मात कधी गप्प बसलीय? बारशाला जी सुरुवात केली...

मुलगी : —

टँकवाला : गाडीत सांगितलं मी. तेव्हापासून त्या एक शब्द बोललेल्या नाहीत. कोणाशीच. पण आहेत, काका. तुमच्या डाव्या बाजूला, स्टुलावर. तुमचा हात त्यांच्या हातात आहे.

बाबा : कुठला हात?

टँकवाला : डावा.

बाबा : कधीपासून?

टँकवाला : तुम्हाला इथे आणलं तेव्हापासून.

बाबा : दाबायला सांग.

टँकवाला : दाबतायत, काका. जोरात.

मुलगी : —

बाबा : ...

टँकवाला : काका?

बाबा : बरं. बाळ, सोडशील तेव्हा सांग हं.