खालच्या मळ्यातल्या घरांचा विमा

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष माननीय आप्पासाहेब, सांगलीहून मुद्दाम वेळ काढून आलेले विमा कंपनीचे अधिकारी, म्हणजे आपले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील सोसायटीचे संचालक, ज्यांनी हा हॉल दिला ते हायस्कूलचे मुख्याध्यापक, समोर बसलेले गावकरी बंधू-भगिनी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या बनुबाई. त्यांची खुर्ची वर रिकामी आहे, कारण त्या मागं बायकांमध्ये साळूबाईंच्या शेजारी बसल्यात आणि तिथून हलायला तयार नाहीत. सर्वांना माझा नमस्कार.

संयोजकांनी मला चार गोड शब्द बोलायला सांगितलंय. हे सगळं घडलं तेव्हा मी सोसायटीचा चेअरमन होतो, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. गोड बोलायचा प्रयत्न करतो. जमेलच असं सांगत नाही. पाहुणे या जागेवर नवे आहेत, त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही. पण साहेब, माणूस बदलला तरी खुर्ची तीच आहे, आणि मला बोलायचंय ते त्या खुर्चीशी.

आमचा खालचा मळा नदीच्या बाजूला. गावठाणात जागा पुरेना, तेव्हा बरीच घरं शेतातच गेली. ऊस अगदी अंगणाला येऊन टेकतो. भिंती मातीच्या, वर उसाच्या पाचटाचं छप्पर. शिमगा सरला, ऊस वाळून खडखडायला लागला, की आमच्या बायका चूल पेटवायच्या आधी दारात येऊन वारा बघतात. अशा ठिकाणी चौऱ्याहत्तर साली कंपनीची जीप आली. मारुतीच्या देवळात बैठक झाली. तेव्हाचे साहेब बोलायला फार छान. घराचा विमा, उभ्या उसाचा विमा, गोठ्यातल्या जनावराचा विमा. सगळं ऐकून घेतल्यावर बनुबाई एवढंच म्हणाल्या, "सायेब, आग लागल्यावर येनार कोन?"

"मी स्वतः येईन, मावशी."

लोक हसले आणि सगळ्या मळ्यानं विमा उतरवला. त्या दिवशी साहेब बनुबाईंच्या फडात उभे राहून ऊस खात होते. जाताना जीपमध्ये एक मोळीही टाकून घेतली. हे मुद्दाम सांगतोय. घराला लागून ऊस आहे हे त्यांना माहीत नव्हतं, असं कुणी पुढं म्हणू नये.

दुसऱ्या वर्षी हप्ता वाढला. का? तर म्हणे दुसऱ्या तालुक्यात आगी लागल्या. तिसऱ्या वर्षी सांगितलं, पाचटाचं छप्पर चालणार नाही, कौलं घाला. लोकांनी पोटाला चिमटा काढून कौलं घातली. त्यात साळूबाई होत्या. बौद्धवाडीतलं हे कुटुंब. सासऱ्यांनी उमर घालवून मिळवलेला जमिनीचा तुकडा, बनुबाईंच्या बांधाला लागून. साळूबाईंचा नवरा अर्जुना फौजेत, पार सरहद्दीवर. घरात साळूबाई, म्हातारी सासू आणि एक दुभती म्हैस. कौलांसाठी साळूबाईंनी कानातली फुलं मोडली. आमची आपली भाबडी समजूत, की आता धोका कमी झाला म्हणजे हप्ता उतरेल. हप्ता आणखी वाढला. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "कौलं घातल्यानं घराची किंमत वाढली ना." मंडळी, पाचट असेल तर धोका वाढतो आणि कौल असेल तर किंमत वाढते. मग हप्ता उतरायला माणसानं घर कशाचं बांधावं?

सत्त्याहत्तरच्या चैत्रात, भर दुपारी, बांधावर कुणीतरी पाचट पेटवलं आणि वारं फिरलं. उसाची आग ज्यानं बघितली नाही त्याला सांगून कळणार नाही. ती चालत येत नाही, उड्या मारत येते. साळूबाई नदीवर धुणं घेऊन गेल्या होत्या. घरात सासू एकटी. बनुबाईंचा स्वतःचा गोठा तोवर पेटला होता. नाथाजी, त्यांचे मालक, दावी कापत होते. बनुबाईंनी हौदात वाकळ बुडवली, अंगावर घेतली आणि साळूबाईंच्या घरात शिरल्या. म्हातारीला पाठीवर घेऊन बाहेर आल्या. मागं वळल्या तेव्हा साळूबाईंच्या गोठ्याचं छत खाली आलं होतं. त्या म्हशीचा आवाज सगळ्या मळ्यानं ऐकला. अजून कानात आहे.

आता पुढचं ऐका. कंपनीचा निरोप आला, आमचा माणूस बघून जाईपर्यंत राखेला हात लावू नका. म्हणजे भिंत उचलायची नाही, छप्पर टाकायचं नाही. चैत्राच्या उन्हात ती म्हातारी लिंबाच्या झाडाखाली पडून राहिली आणि आम्ही रोज रस्त्याकडं बघायचो. मी स्वतः येईन म्हणणारे साहेब बढती घेऊन पुण्याला गेले होते. शेवटी एक तपासनीस आले. नाकाला रुमाल. म्हशीचं विचारलं. वास सुटल्यामुळं पुरली, असं सांगितलं. ते म्हणाले, "विमा उतरवताना कानात ठोकलेला बिल्ला दाखवा. बिल्ल्याशिवाय जनावर आमच्याच विम्याचं होतं कशावरून?"

साळूबाई खाली बसल्या. कुदळ उचलली ती बनुबाईंनी. अध्यक्ष महोदय, मी माझ्या आयुष्यात पुष्कळ ओंगळ गोष्टी बघितल्या, पण भर दुपारी पुरलेलं जनावर उकरून त्याचा कान शोधणारी बाई आणि सावलीत उभं राहून घड्याळ बघणारा माणूस, यापेक्षा ओंगळ काही बघितलेलं नाही. बिल्ला सापडला. बनुबाईंनी पदरानं पुसून पुढं धरला. तपासनीसांनी हातात घेतला नाही. लांबूनच बघून म्हणाले, "नंबर वाचता येत नाही."

साळूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. माणूस उन्हातून आलेला, एवढंच त्यांच्या मनात. तपासनीसांनी मान हलवली, "नको, नको." आणि बनुबाईंकडं वळून म्हणाले, "तुमच्याकडं चहा मिळेल का, मावशी?"

बनुबाई हात धूत होत्या. त्यांनी वरही बघितलं नाही. "तिच्याकडचं पानी चालत न्हाई, तर माज्याकडं च्या न्हाई."

पुढं निकाल आला. घराला लागून ज्वलनशील पदार्थ साठवल्यामुळं भरपाई देता येत नाही. ज्वलनशील पदार्थ म्हणजे काय, माहीत आहे? आपला ऊस. ज्याची मोळी जीपमधून गेली तोच ऊस. बनुबाईंच्या गोठ्यालाही तेच उत्तर. वर आणखी कळवलं, की खालचा मळा आता आगीचा भाग ठरलाय, तिथल्या कुठल्याच घराचा विमा यापुढं होणार नाही. ज्यांच्या घराला झळसुद्धा लागली नव्हती त्यांचाही नाही.

आम्ही इस्लामपूरला कंपनीच्या कचेरीत गेलो. बायकाही आल्या. तिथल्या साहेबांनी पंखा सुरू करून शांतपणे समजावलं, "तुमच्याकडं आगी लागतात, म्हणून विमा देता येत नाही."

बनुबाईंनी विचारलं, "मग सायेब, जितं आग लागतच न्हाई त्यानं इमा कशाला काडायचा?"

साहेबांनी घंटी वाजवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परत गावात एस.टी.तून उतरल्यावर बनुबाई घरी गेल्या नाहीत, मळ्यातल्या प्रत्येक दारात जाऊन त्यांनी ठरवून घेतलं. ज्याचं घर जळंल त्याला प्रत्येकानं एक वासा, जमतील तेवढी कौलं आणि अंगमेहनत द्यायची. दोन फडांच्या मधे पट्टा मोकळा ठेवायचा. शेजाऱ्याला हाक मारल्याशिवाय बांधावर काडी ओढायची नाही. एका गृहस्थांनी कुरकुर केली, बौद्धवाडीच्या घराला आपली लाकडं कशाला? त्यांचं नाव घेत नाही, ते समोरच बसलेत. बनुबाई त्यांना म्हणाल्या, "आग बांध बगून थांबली व्हती का रं?" दुसऱ्या दिवशी ते वासा घेऊन आले, हेही सांगितलं पाहिजे. पावसाच्या तोंडाला साळूबाईंचं घर उभं राहिलं. पण म्हातारी त्या घरात फार दिवस राहिली नाही. लिंबाखाली धरलेला ताप तिला घेऊन गेला. अर्जुना रजा घेऊन आला तेव्हा घर नवं होतं आणि आई नव्हती. पुढच्या वर्षी वादळानं मळ्यातल्याच लीलाबाईंचं छप्पर उडवलं, तेही मळ्यानं उभं केलं.

आता आजची गोष्ट. सकाळी चहाला पाहुणे आमच्याकडं होते. मोठ्या मनानं म्हणाले, हे स्वावलंबन आदर्श आहे, बनुबाईंचा फोटो आम्ही कंपनीच्या माहितीपत्रकावर छापू. मी विचारलं, मग खालच्या मळ्याचे विमे पुन्हा सुरू होणार का? म्हणाले, त्याबद्दल धोरण ठरायचं आहे. साहेब, तुम्ही आमचे पाहुणे आहात, पण मला त्या घोटाबरोबर शिसारी आली. ज्या बाईला तुम्ही दारातून परत पाठवलंत तिच्याच तोंडावर तुम्ही तुमचा माल विकणार? आम्ही एकमेकांना धरून उभे राहिलो ते हौसेनं नाही. तुम्ही हात काढून घेतलात म्हणून. याचं कौतुक तुमच्या तोंडून ऐकवत नाही.

आणि आपल्या लोकांनाही सांगतो, टाळ्या जपून वाजवा. मी बनुबाईंना म्हणालो, काकी, आता आपल्याला कंपनीची गरजच काय? त्या माझ्यावरच चिडल्या. "खुळा हाईस का? एक घर जळलं तर समदा मळा हाय. समदा मळा जळल्यावर वासा द्यायला कोन ऱ्हातंय? इमा पायजेच. त्येनी द्यायला पायजे." त्या बाईला सत्कार नकोय, मंडळी. तिला तिच्या आणि शेजारणीच्या घराचा विमा हवाय, परवडेल असा, आणि आग लागल्यावर पाळला जाईल असा. ही मागणी मी या सभेत अध्यक्षांसमोर ठेवतो, आणि पाहुण्यांनी आपल्या भाषणात तिला हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यावं. धोरणाबद्दल आम्ही पुष्कळ ऐकलंय.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणं आता प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते शाल आणि नारळ आहे. यात एक बदल आहे. बनुबाईंनी आत्ताच निरोप पाठवलाय, की शाल घ्यायची तर साळूच्या हातून घेईन, न्हाईतर घरी जाते, जनावरं सोडायची हाईत. तेव्हा पाहुण्यांनी बसून राहावं, ही नम्र विनंती.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मुख्याध्यापकांनी हॉल दिला, आप्पासाहेबांनी एकदाही टेबलावरची घंटा वाजवली नाही, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो माझा दोष समजून पोटात घाला. जे घडलं ते मात्र मला सौम्य करून सांगता येत नाही.

साळूबाई, या वर. बनुकाकींना घेऊन या.