डिंकाला कुठला वण कळतो

काकू : अगं, चपला तरी काढ. एवढी धावत कशाला आलीस?

पुतणी : काकू, काकांच्या फुप्फुसांसाठी मी प्रयोगशाळेतून आणून दिलेला तो डिंक कुठे ठेवलायस?

काकू : फडताळात. आधी तुझ्या काकांकडे बघ. पूर्वी दोन शब्द बोलले की धाप लागायची, आज सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू आहे.

काका : या, शास्त्रज्ञ बाई! छातीचा डॉक्टर फोटो बघून चाट पडला. फुप्फुसातले वण निम्मे झालेत म्हणाला. तुमच्या प्रयोगशाळेचा विजय असो.

पुतणी : काका, डिंक बंद करायचा. आजपासून.

काकू : हे काय नवीन? उंदरांची फुप्फुसं साफ झाली, हे तूच सांगितलंस ना?

पुतणी : झाली, ते खरंच आहे. पण काही उंदीर मध्येच मेले होते. ते दुसऱ्या प्रयोगातून उरलेले. फुकट जायला नकोत म्हणून आम्ही घेतले. पोटावर जुन्या ऑपरेशनचे टाके होते, छान भरून आलेले. सर म्हणाले, हे आपले नव्हेत, निकालात धरू नका.

काका : बरं, मग?

पुतणी : आज मी ते बर्फातून काढून बघितले. सगळ्यांची पोटं त्याच जागी उसवली होती. वाईट वण कुठला आणि चांगला कुठला, हे डिंकाला कळत नाही, काका.

काकू : अगंबाई! यांच्या हातावरचा भाजल्याचा डाग दिसेनासा झाला. आणि मी मेली खूश होते.

काका : माझ्या पोटावर कुठे टाके आहेत? उगाच हिला घाबरवू नकोस.

पुतणी : पोटावर नाहीत. तुम्हाला हार्ट अटॅक येऊन गेलाय. तिथे हृदयाची भिंत वणानेच धरून ठेवलीय.

काका : आणि डिंक सोडला तर?

पुतणी : फुप्फुसं पुन्हा आवळत जातील.

काका : म्हणजे पुन्हा रात्रभर उशांचा ढीग रचून बसायचं. परवा आडवा झोपलो गं मी. किती वर्षांनी.

पुतणी : माहीत आहे.

काका : ते उंदीर आधी का नाही बघितलेस?

पुतणी : निकाल चांगलाच यावा असं मलाही वाटत होतं. तुमच्यासाठी.

काका : बरं, रडू नकोस. काय करायचं ते सांग.

पुतणी : खाली गाडी उभी आहे. आत्ताच्या आत्ता हृदय तपासून घेऊ.

काका : आलोच, शर्ट घालून येतो.

(काका आतल्या खोलीत जातात.)

काकू : त्यांना सांगू नकोस.

पुतणी : काय?

काकू : गुण येतोय म्हणून या आठवड्यात मी दुप्पट देत होते.