क्लबने दिलेला बाक

आरेच्या बससाठी रांगेत उभ्या असलेल्या वसुधाताईंचे कान पुढच्या दोघांकडे लागले होते.

"काल मला क्लबला यायला जमलं नाही रे, ॲलन. पाहुणे वक्ते कोण होते?"

"जंगलात कॅमेरे लावणारा एक माणूस. रात्रीचे फोटो दाखवले त्याने. आपण आरेत म्हाताऱ्यांसाठी बाक दिलाय ना?"

"क्लबचं नाव रंगवलेला?"

"तोच. त्यावर बिबट्याची मादी बसलेली. पिल्लं खाली, बाकाच्या पायांशी."

"काय सांगतोस."

"त्याची वेळ संपली तरी अध्यक्ष फिलिपने घंटा वाजवली नाही."

"फिलिपने? त्याने तर मंत्र्यालाही घंटा वाजवून खाली बसवलं होतं."

"काल घंटेचा लोलक मुठीत धरून बसला होता."

"मग आता बाक हलवायचा?"

"छे रे. ठराव झाला. तो बाक तिचा. म्हाताऱ्यांना दुसरा देऊ."