उतरत्या क्रमानं

—नाही नाही, तसंच चालवू नका, थांबा. बघा काय आलं पडद्यावर? किरकोळ, गंभीर, नाही, मध्यम. म्हणजे ज्यांना लागलंच नाही ती माणसं गंभीर आणि मध्यमच्या मध्ये जाऊन बसली! हसा, हसा, मीही पहिल्यांदा हसले होते. अहो, प्रोग्रामला काय कळतंय — पडलेल्या रुग्णाची दुखापत त्याला नुसता शब्द, आणि शब्द दिसले की तो ते मुळाक्षरांच्या क्रमानं लावतो. खरा क्रम आपण सांगायचा — इथे, या ओळीत — नाही, किरकोळ, मध्यम, गंभीर. आणि जपून लिहा बरं, एक वेलांटी चुकली की तो शब्द ओळखत नाही, ती सगळी माणसं हिशेबातून गायब, आणि साधी कुरकुरसुद्धा करत नाही मेला. हां. आता चालवा. आता कसं शहाण्यासारखं दिसतंय.

वॉर्डांचंही तेच. कुठल्या वॉर्डात महिन्याला किती रुग्ण पडले, त्याचा आलेख या खुर्चीतून निघतो — जनरल, लकवा, वयस्कर, हाडं, असा मुळाक्षरांनीच निघायचा इतकी वर्षं, कुणी ढुंकून बघत नव्हतं. मग नवे अधीक्षक आले. "बाई, उतरता क्रम लावा. जिथं सगळ्यात जास्त पडतात तो वॉर्ड वर." लावला, एका ओळीचं तर काम. वर कोण आलं? लकवा. आणि तिथल्या मुख्य सिस्टर कोण? — नाही, तुम्हाला कसं माहीत असणार, आज तर आलात — माझ्या मोठ्या जाऊबाई. सख्ख्या. एकाच घरात राहतो आम्ही, एकाच ओट्याशी उभ्या राहतो.

आकडे खोटे होते का? नव्हते, तेच तर दुखणं आहे. जाऊबाईंची रीतच तशी — अर्धं अंग गेलेल्या माणसालाही अंथरुणात लोळू द्यायच्या नाहीत, काखेत हात घालून उभं करायच्या, "चला, खिडकीपर्यंत, खिडकी काही पळून जात नाही." मग कुणी धडपडायचं, कुणाचा गुडघा खरचटायचा, की झाली नोंद. म्हणून मी आणखी एक आलेख काढला, कुणी सांगितलं नव्हतं — चालता येत नसताना भरती झालेल्यांपैकी कितीजण आपल्या पायांनी घरी गेले. तोही उतरताच लावला. त्यातही लकवाच वर! अधीक्षकांना दाखवला. "बैठकीला एकच पान पुरे," म्हणाले. मी म्हटलं, साहेब, दोन्ही एकत्र बघितले तरच अर्थ लागतो. "बाई, तुम्ही आकडे द्या, अर्थ आम्ही लावतो."

बैठकीत मीच तो पहिला आलेख पडद्यावर लावला, एकटाच. जाऊबाई उठल्या, आवाज नाही चढवला काही नाही, एवढंच म्हणाल्या, "माझ्याकडे माणसं पडतात, कारण माझ्याकडे माणसं उठतात." कुणी ऐकलं नाही हो, सगळ्यांचे डोळे त्या वरच्या लांब पट्टीवर. लाल पट्टी — पहिल्या नंबरला तो रंग आपसूकच येतो, मी दिला नव्हता. आणि खरं सांगू? घरात सासूबाईंच्या तोंडी उठता-बसता मोठीचंच कौतुक — मोठी माणसं उभी करते, धाकटीला काय, खुर्चीत बसून बटणं दाबायची — तर त्या क्षणी मला, जरासं, अगदी एवढंसं — बरं वाटलं.

हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? जाऊ दे. पडद्यावरची ती खालची खिडकी बंद करा, ती नको आपल्याला.

मग काय, जाऊबाईंना चादरी-उशांच्या कोठीवर हलवलं. लकव्यात नव्या सिस्टर आल्या, पलंगांचे कठडे वर झाले, विचारल्याशिवाय कुणी पाय खाली टाकायचा नाही. पडणं बंद! गेल्या महिन्याच्या आलेखात लकवा सगळ्यात खाली, बैठकीत टाळ्या वाजल्या. त्याच दिवशी मी वॉर्डातून जात होते तर एक म्हातारे शिंपी आहेत तिथे, त्यांनी हाक मारली. चांगले चालायला लागले होते जाऊबाईंच्या हाताला धरून. आता टाच टेकत नाही, पाऊल आखडलंय. म्हणाले, "ताई, मोठ्या सिस्टर परत कधी यायच्या? मला मशीन चालवायचंय हो, पाय हलायला पाहिजे." मी काय सांगितलं? येतील म्हटलं.

आणि घरी — जाऊबाई भांडल्या असत्या तर परवडलं असतं. पण नाही. ताटात वाढताना विचारतात, "अजून घेणार?" बस, तेवढंच. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या. शेवटी मीच अर्ज केला, मला या खुर्चीतून उठवा म्हणून. म्हणून तर तुम्ही आलात.

काय म्हणालात? दुसरा आलेख — कुठाय म्हणजे? आहे की, याच फाईलमध्ये, खाली. त्या ओळी मी बंद करून ठेवल्यात, पुसल्या नाहीत. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह काढलं की पुन्हा चालतील. — अहो, आत्ता नको! मी गेल्यावर. आणि कुणी विचारलंच तर माझं नाव — माझं नाव घेऊ नका, हं? उगाच घरात आणि — नाही. थांबा. घ्या. मीच काढलाय म्हणून सांगा. अधीक्षकांनाही सांगा.

जा आता, तुमचा चहा निवला असेल. जा म्हणते ना.