वाचलेला वेळ

ठमी : आणि मग ती पाल बाईंच्या पर्समध्ये गेली.

बाबा : बाईंना माहीत होतं?

ठमी : बाईंना नाही. आख्ख्या वर्गाला. आणि आम्ही सगळे इतके शहाण्यासारखे बसलो, की बाईंना संशय आला. बाबा, काच खाली कर. कुणीतरी ठोठावतंय.

बाबा : काहीतरी विकायचं असेल.

ठमी : गळ्यात ओळखपत्र आहे. आणि ती घामाघूम झालीये.

सर्वेवाली : नमस्कार सर. पुलावरून शहरात शिरणाऱ्या गाड्यांना टोल लावायचा विचार चाललाय, त्यावर लोकांचं मत विचारतोय. पाच मिनिटं द्याल?

बाबा : पाच? ताई, समोर बघा जरा. आम्ही कुठे पळून चाललोय?

सर्वेवाली : म्हणून तर इथे उभी आहे. घरी गेलं की लोक दार लावून घेतात. पहिला प्रश्न. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी वाहतूक खात्यात नोकरीला आहे का?

बाबा : नाही.

ठमी : बाबा!

बाबा : तू पाण्याची बाटली शोध.

ठमी : हातातच आहे.

बाबा : मग पाणी पी.

सर्वेवाली : 'नाही' लिहिते. आता, गर्दीच्या वेळी खासगी गाडीला टोल लावणं तुम्हाला कितपत मान्य आहे? पूर्ण मान्य, थोडं मान्य, सांगता येत नाही, थोडं...

बाबा : पूर्ण अमान्य.

सर्वेवाली : सगळे पर्याय वाचावे लागतात, सर.

बाबा : वाचा.

सर्वेवाली : थोडं अमान्य. पूर्ण अमान्य.

बाबा : तेच.

सर्वेवाली : कारण? 'आम्ही आधीच टॅक्स भरतो', हेच ना? लिहूनच ठेवलंय मी.

बाबा : नाही, नाही. पैशाचं काही नाही. टोल योग्यच आहे.

सर्वेवाली : मग अमान्य का?

बाबा : त्यानं गर्दी कमी होईल.

सर्वेवाली : सर, त्यासाठीच लावतायत.

बाबा : म्हणूनच अमान्य.

सर्वेवाली : हे बघा, सकाळपासून मी या रस्त्यावर उभी आहे. ट्रकवाला म्हणतो गाडीवाल्यांना लावा. गाडीवाला म्हणतो ट्रकला लावा. बसमधले म्हणाले दोघांनाही लावा आणि चांगला सणसणीत लावा. बाकी सगळे म्हणाले, काही उपयोग नाही, नुसती लूट आहे. उपयोग होईल म्हणून नको म्हणणारे तुम्ही पहिलेच.

ठमी : तो असाच आहे.

सर्वेवाली : मी 'इतर' लिहिते. टोल लागलाच, तर काय कराल? भरून येणार, बसनं येणार, की निघायची वेळ बदलणार?

बाबा : भरून येणार. वेळ माझ्या हातात नाही. ती कोर्टानं ठरवलीये.

सर्वेवाली : कोर्टानं?

ठमी : मला शाळेत सोडणं बाबाकडे, आणणं आईकडे. आणि एक शनिवार सोडून एक शनिवार आजीच्या घरी भेट. आईची आई. तिथे आम्ही दोघं सोफ्यावर बसतो आणि आजी समोर बसून विणकाम करते. बाबा विचारतो, 'काय मग, अभ्यास कसा चाललाय?' गाडीत तो असलं काही विचारत नाही.

बाबा : ठमे, ताईंना अजून बऱ्याच गाड्या करायच्यात.

सर्वेवाली : करते की. त्या कुठे जातायत? हां, पुढचा प्रश्न. टोलमुळे रस्ता मोकळा होऊन तुमचा रोज तासभर वाचला, तर हा वाचलेला वेळ तुम्ही कशासाठी वापराल? विश्रांती, जास्तीचं काम, छंद...

बाबा : 'कुटुंबासोबत' राहिलं. ते पहिलं आहे.

सर्वेवाली : अय्या, हो. पानं चिकटलीयेत. पण तुम्हाला कसं माहीत?

बाबा : अंदाजानं.

ठमी : अंदाजानं कसलं! हे प्रश्न त्यानंच केलेत. इथेच, पुलावर बसून. तो सांगत होता आणि मी मोबाईलवर टाइप करत होते. 'छंद' माझा आहे.

सर्वेवाली : म्हणजे सर, तुम्ही वाहतूक खात्यात...

बाबा : योजनाच माझी आहे.

सर्वेवाली : मग तुमचं मत धरता येत नाही. आता खाडाखोड आली.

बाबा : माहितीये. तो नियमही मीच घातलाय.

सर्वेवाली : योजना तुमची, आणि पूर्ण अमान्य?

बाबा : ऑफिसात पूर्ण मान्य. ताई, मी खोटं नाही सांगत, चांगली योजना आहे. बस वेळेवर येईल, ॲम्ब्युलन्स अडकणार नाही, तुम्हाला असं धुरात उभं राहावं लागणार नाही. आज दुपारी मी अंतिम अहवालावर सही करतोय.

सर्वेवाली : आज? पण आमचे फॉर्म तर पुढच्या आठवड्यात मोजणार आहेत.

बाबा : हो.

सर्वेवाली : मग मी इथे काय करतेय?

बाबा : 'नागरिकांचं मत घेण्यात आलं' असं एक वाक्य आहे त्यात. ते खोटं पडू नये म्हणून.

सर्वेवाली : छान.

ठमी : तू तिला पाणी तरी दे, बाबा. घ्या ताई. मी उष्टं नाही केलेलं. त्यानं पी म्हटलं तरी प्यायले नाही.

सर्वेवाली : थँक्यू गं. सर, एक विचारू? फॉर्ममधलं नाही. एवढी चांगली योजना आहे, तर मग पोटात का दुखतंय?

बाबा : रस्ता मोकळा झाला, की हिच्या घरापासून शाळा पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत हिच्या गोष्टीतली पाल बाईंच्या पर्सपर्यंतसुद्धा पोचत नाही, ताई. 'जेवणाचा डबा घेतलास का' आणि 'उतर आता', एवढंच होईल. आणि असं वर्षभर झालं, की मी गाडीतसुद्धा विचारायला लागेन, 'काय मग, अभ्यास कसा चाललाय?' मला त्याची भीती वाटते. बस.

सर्वेवाली : मग कोर्टात वेळ वाढवून मागा की.

बाबा : वकिलाकडे गेलो होतो. म्हणाला, कारण काय लिहू? म्हटलं, लिहा, रस्ता सुधारतोय. त्यानं चहा मागवला आणि फी घेतली नाही. म्हणजे काय ते मी समजलो.

सर्वेवाली : आणि तिच्या आईला सांगून बघितलंत?

बाबा : तिच्या आईशी आमचं वकिलांमार्फत बोलणं असतं.

सर्वेवाली : तुझं काय मत आहे गं?

बाबा : अठरा वर्षांखालचं मत धरत नाहीत.

सर्वेवाली : तुमचंही धरत नाहीच आहोत. मी आपलं सहज विचारतेय.

ठमी : आई म्हणते, टोल झाला की मला सकाळी आणखी झोपता येईल.

सर्वेवाली : ते आईचं झालं. तुझं?

ठमी : मला सकाळी झोपच येत नाही. मी लवकर आवरून खिडकीत बसते. तिथून वळणावरची गाडी दिसते. आईला वाटतं, मला शाळा फार आवडते.

सर्वेवाली : सर.

बाबा : हं.

सर्वेवाली : ऐकलंत ना?

बाबा : ऐकलं.

सर्वेवाली : तरी सही करणार?

बाबा : करणार. न करायला माझ्याकडे कारण काय आहे? 'मुलीशी गप्पा मारायच्यात, सबब शहरानं अडकून राहावं' असं लिहू? त्या बसमध्येही कुणाचं तरी पोर वाट बघत असेलच की.

सर्वेवाली : चला, पुढच्या गाड्या हलायला लागल्या. तुमचा फॉर्म मी फाडून टाकते.

बाबा : टाकाच. आणि ताई, ते मघाचं 'पूर्ण अमान्य'... ऑफिसात कुणाला...

सर्वेवाली : नाव कुठे विचारलंय मी तुमचं? विचारायचंच नाही, असा नियम आहे. बहुतेक तोही तुमचाच.

बाबा : माझाच.

सर्वेवाली : येते गं ठमाबाई. ती पाल सापडली का शेवटी?

ठमी : ते अजून मी बाबालाही सांगितलेलं नाही.

(सर्वेवाली जाते. मागून हॉर्न.)

ठमी : बाबा, समोर मोकळं झालंय.

बाबा : दिसतंय मला.

ठमी : मग?

बाबा : त्या टॅक्सीला आधी जाऊ दे. घाईत दिसतेय.

ठमी : गेली.

बाबा : बसही येतेय मागून. एवढी माणसं आहेत तिच्यात. जाऊ दे.

ठमी : गेली तीपण. बाबा, एक सायकलवाले आजोबा येतायत.

बाबा : कुठे? ते केवढे लांब आहेत अजून.

ठमी : हो ना. येऊ देत सावकाश.