बावीस विरुद्ध एक

ताई : कोट काढ आधी. अंगावरच बटण लावून घ्यायला तू काय शाळेत निघालायस?

बाबू : आटप गं. चारला बोलावलंय साहेबांनी.

ताई : पक्षातून काढायलाच ना?

बाबू : कार्यकारिणीत आपण तेवीस जण. त्यातले चौदा माझ्या घरी चहा पिऊन गेले, ताई. ‘हा माणूस तीन निवडणुका हरला, याला आता कुणी दारात उभं करत नाही. तू अध्यक्षपदाला उभा राहा, आम्ही आहोत.’ आणि काल काय? साहेबांना बावीस, मला एक!

ताई : मीच मोजल्या चिठ्ठ्या. मला काय सांगतोस?

बाबू : सकाळी जाऊन नाक घासून आलो. म्हटलं, साहेब, मी शेवटी तुम्हालाच मत दिलं.

ताई : मग?

बाबू : पोट धरून हसले. ‘ते एक मत तुझं नाही तर कुणाचं?’

ताई : बरोबरच आहे. उभा राहिलेला माणूस स्वतःला तरी मत देतोच.

बाबू : नाही दिलं! आईशपथ नाही.

ताई : अरे देवा.

बाबू : त्यांची पद्धत तुला ठाऊक आहे. एकेकाला टेबलापाशी बोलावणार, आपल्या पेनाचं टोपण काढून पेन हातात देणार. माझी पाळी आली तर म्हणाले, ‘गुडघा कसा आहे रे?’ दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं गं.

ताई : मी रोज विचारते.

बाबू : तुझं वेगळं. चिठ्ठीवर माझ्या हातून आपोआप त्यांचंच नाव लिहिलं गेलं.

ताई : आणि आता?

बाबू : आता मला मत देणाऱ्याचं ते एक नाव हवंय. ते साहेबांपुढे ठेवलं की मी सुटलो. तू जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्यास, अक्षर ओळखलं असशीलच.

ताई : ओळखलं.

बाबू : कुणाचं? खजिनदाराचं?

ताई : छे. त्याने साहेबांच्या नावाखाली दोन रेघा मारल्यात.

बाबू : मग सांग ना!

ताई : काय करतील त्या माणसाचं?

बाबू : काढतील. दुसरं काय? त्याचं तो बघून घेईल. माझी तीस वर्षं गेलीत या पक्षात.

ताई : माझी अडतीस.

बाबू : तुझं मध्येच काय?

(ताई दाताने दोरा तोडते.)

बाबू : ताई...

ताई : घे, घाल. घट्ट लावलंय. आणि नीघ आता, चारला बोलावलंय ना?