टोप्या

नव्या विमानतळाच्या कामावर पासच्या रांगेत दोन फिटर बोलत होते. मागचे गृहस्थ कान देऊन ऐकत होते.

"धूर ओळखणाऱ्या यंत्रांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढल्यास का रे?"

"वेडा आहेस? आत धूळ गेली की भोंगा उगाच बोंबलतो."

"पण खरंच आग लागली तर?"

"तेव्हा काढू की. चारशेच तर आहेत."

"शिडी?"

"स्टोअरात. तिचाच तर पास काढतोय."

"आणि आग लागल्याचं कळणार कसं?"

"भोंगा वाजेल ना, येड्या!"

"सकाळी तपासणीवाले साहेब काही बोलले नाहीत?"

"खूश होते म्हणे! सहा महिन्यांत भोंगा एकदाही उगाच वाजला नाही, म्हणून लगेच सही ठोकली."

मागच्या गृहस्थांनी सकाळच्या सहीचं पेन खिशात खोल ढकललं.

"शिडीच्या पासवर माझंही नाव घाला."